लिंबूटिंबू म्हणायचे कोणाला? : क्रीडा संपादक आणि समालोचकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे क्रीडा संपादक, वार्ताहर आणि फुटबॉलचे समालोचक यांस

स. न. वि. वि.

पत्रास कारण एक शब्द आहे. मोठी फुटबॉल स्पर्धा आली की तो हमखास छापून येतो आणि समालोचनातही कानांवर पडतो. तो शब्द म्हणजे ‘लिंबूटिंबू’. लहानपणी ज्या धाकट्याला मोठ्यांच्या आग्रहाखातर खेळात घ्यावे लागे, ज्याच्यावर राज्य येत नसे आणि जो बाद झाला तरी कोणी मोजत नसे, त्याला आपण लिंबूटिंबू म्हणत असू. त्याने एखाद्याला बाद केलेच, तर त्याचे श्रेय त्याला मिळत नसे. मोठ्याने मुद्दाम सोडले किंवा मोठ्याचा पाय घसरला, असेच मानले जाई. लांबलचक पात्रता फेरी खेळून विश्वचषकात आलेल्या संघाला हा शब्द लावला, की त्याच्या विजयाची बातमी कशी लिहिली जाणार हे सामन्याआधीच ठरून जाते. बलाढ्य संघाला ‘धक्का’ बसतो, ‘सनसनाटी’ निकाल लागतो, ‘चमत्कार’ घडतो. आणि ज्यांनी सामना जिंकला ते कसे जिंकले, याचे उत्तर बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत सापडत नाही. ही तक्रार आणि तिच्यामागची कारणे आपल्यापुढे मांडावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

२२ नोव्हेंबर २०२२ या दिवसापासून सुरुवात करतो. कतारच्या लुसेल स्टेडियममध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. सामना तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी एकला सुरू झाला होता, त्यामुळे अंक छपाईला जाण्याची घाई होती ही सबब त्या दिवशी कोणाकडेच नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी मी वाचलेल्या एका वृत्तांतात मेसीच्या उतरलेल्या चेहऱ्याला दोन परिच्छेद होते, अर्जेंटिनाची सलग ३६ सामन्यांची अपराजित वाटचाल खंडित झाल्याची हळहळ होती, आणि सौदीसाठी गोल करणाऱ्या दोघांची नावे एका वाक्यात उरकली होती, तीही अदलाबदल होऊन.

सामना पाहताना मिनिटे वहीत टिपून ठेवण्याची मला सवय आहे. त्या दिवशीच्या पानावर पूर्वार्धात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे: ऑफसाइड, म्हणजे सहकाऱ्याने पास देतानाच आक्रमक खेळाडू बचावपटूंच्या रेषेपलीकडे असणे. दहाव्या मिनिटाला मेसीने पेनल्टीवर गोल केला, त्यानंतर अर्जेंटिनाने आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात मारला आणि तिन्ही वेळा गोल नाकारला गेला. मध्यंतरापर्यंत अर्जेंटिनाचे खेळाडू सात वेळा ऑफसाइड सापडले होते. हे आपोआप होत नाही. सौदीचे प्रशिक्षक हर्वे रेनार्ड यांनी बचावफळी स्वतःच्या गोलपासून खूप पुढे, मध्यरेषेच्या दिशेने आणून उभी केली होती. सर्व बचावपटूंनी एकाच क्षणी, एका रेषेत पुढे सरकायचे आणि पाठीमागे मोकळे पडलेले मैदान गोलरक्षक मोहम्मद अल ओवैसच्या भरवशावर सोडायचे, असा तो बेत होता. त्यात एक जण अर्धे पाऊल मागे राहिला असता, तर अर्जेंटिनाचा आघाडीपटू लौटारो मार्टिनेझ एकटाच गोलरक्षकासमोर उभा दिसला असता. शिवाय त्या विश्वचषकात प्रथमच अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणा वापरली जात होती. स्टेडियमच्या छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. एरवी रेषापंचाच्या नजरेतून निसटला असता असा खांद्याएवढा फरकही त्यातून सुटत नव्हता. मोजमाप इतके काटेकोर झाल्यावर पुढे सरकलेल्या बचावफळीचा जुगार पूर्वीपेक्षा अधिक फळतो, ही माझ्या मते त्या दिवसाची खरी बातमी होती. ती मला कुठे वाचायला मिळाली नाही.

मध्यंतरात रेनार्ड आपल्याच खेळाडूंवर बरसले. त्याचे चित्रीकरण नंतर जगाने पाहिले. मेसी मैदानाच्या मधोमध मोकळा उभा आहे आणि तुम्ही नुसते बघत आहात, त्याच्यासोबत फोटो काढायचा असेल तर फोन घेऊन जा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ४८व्या मिनिटाला सालेह अल शेहरीने डाव्या पायाच्या तिरक्या फटक्यावर बरोबरी साधली. ५३व्या मिनिटाला सालेम अल दौसारीने पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या बाजूला बचावपटूंना चकवले आणि उजव्या पायाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात वळवला. त्या संघातले सर्व खेळाडू मायदेशातल्या लीगमध्ये खेळणारे होते आणि त्यातले बरेचसे एकट्या अल हिलाल क्लबचे होते. वर्षभर एकत्र खेळणाऱ्यांची बचावरेषा एका दोरीने ओढल्यासारखी हलते, यात नवल ते काय? पण आपल्या लेखी ‘परदेशात न खेळलेले खेळाडू’ ही त्यांची उणीव होती.

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सौदीचे गोलच्या रोखाने अचूक गेलेले फटके दोनच होते आणि त्या दोन्हींवर गोल झाले. पुढे पोलंडकडून ०-२ आणि मेक्सिकोकडून १-२ अशी हार पत्करून हा संघ गटात तळाला राहिला, तर अर्जेंटिनाने १८ डिसेंबरला त्याच मैदानावर विश्वचषक जिंकला. म्हणजे दैवाचा वाटा होता, आणि तो मोठा होता. पण हा वाटा फुटबॉलच्या रचनेतच आहे. ज्या खेळात शेकड्यांनी धावा किंवा गुण होतात, तिथे सरस संघाचे सरसपण हळूहळू साठत जाते आणि शेवटी आकड्यांत उतरते. नव्वद मिनिटांत दोन-तीनच गोल होणाऱ्या खेळात ते साठायला वावच मिळत नाही. एक परतलेला चेंडू किंवा एक अर्धवट अडवलेला फटका सगळा हिशेब फिरवतो. हे एकदा वाचकाला समजावून सांगितले, तर दर चार वर्षांनी चमत्काराचा पुकारा करण्याची गरज पडणार नाही.

सौदीच्या विजयानंतर दुसऱ्याच दिवशी जपानने जर्मनीला २-१ असे हरवले आणि ‘धक्का’ हा शब्द सलग दुसऱ्या दिवशी मथळ्यात आला. या सामन्यात दैवाचा हात त्या मानाने कमी आणि प्रशिक्षकाचा अधिक होता. पूर्वार्धात जर्मनीने जपानला अक्षरशः नाचवले होते. ३३व्या मिनिटाला इल्काय गुंडोगानने पेनल्टीवर गोल केला आणि मध्यंतराला जपानचा संघ एका गोलवरच सुटला, हेच नशीब होते. त्यानंतर जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासु यांनी आघाडीचा एक खेळाडू काढून बचावपटू ताकेहिरो तोमियासुला आणले, मागे तिघांची फळी केली आणि मग एकेक करून ताज्या दमाचे आक्रमक खेळाडू उतरवले. ७५व्या मिनिटाला जर्मनीचा गोलरक्षक मान्युएल नॉयरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर रित्सु दोआनने गोल केला. ८३व्या मिनिटाला ताकुमा असानोने मागून आलेली लांब फ्री किक पायावर झेलली, अंगाला भिडलेल्या बचावपटूला खांद्याने दूर ठेवले आणि जवळपास अशक्य कोनातून चेंडू नॉयरच्या डोक्यावरून जाळ्यात मारला. दोघेही बदली खेळाडू. दोघेही तेव्हा जर्मनीतल्याच क्लबांचे, दोआन फ्रायबुर्गचा आणि असानो बोखुमचा. जपानच्या चमूतले आठ जण जर्मनीच्या पहिल्या दोन श्रेणींत खेळत होते. ज्यांच्याबरोबर आणि ज्यांच्याविरुद्ध ते दर आठवड्याला खेळत होते, त्यांचीच नावे जर्मनीच्या संघात होती. अशा संघाने जर्मनीला हरवले, तर धक्का त्यांच्या चमूची यादी न वाचणाऱ्याला बसतो.

एकूणच त्या स्पर्धेतल्या निकालांमागे एक साधा नियमबदल होता, ज्याची दखल फारशी घेतली गेली नाही. विश्वचषकात प्रथमच पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभा होती आणि चमू २६ जणांचा होता. याचा लाभ मोठ्या संघांनाच होईल, असा सर्वसाधारण अंदाज होता. प्रत्यक्षात पिछाडीवर पडलेल्या किंवा पाऊण तास धावून दमलेल्या संघाला निम्मी आघाडी नव्याने उभारता आली. मोरोक्कोने २-० असे बेल्जियमला नमवले, तेव्हाही दोन्ही गोल अब्देलहमीद साबिरी आणि झकारिया अबुखलाल या बदली खेळाडूंचेच होते.

जपानची पुढची कहाणी तर आपल्या विशेषणांची फिरकी घेणारीच आहे. जर्मनीला हरवणारा हा संघ चार दिवसांनी कोस्टा रिकाकडून ०-१ असा हरला, त्या कोस्टा रिकाकडून, ज्यांच्यावर स्पेनने सात गोल चढवले होते. त्यानंतर १ डिसेंबरला जपानने स्पेनला २-१ असे हरवले. चेंडूवर जपानचा ताबा सुमारे १८ टक्के होता. विजयी गोलाआधी काओरु मितोमाने गोलरेषेपलीकडे निघालेला चेंडू पाय लांबवून मागे ओढला आणि आओ तनाकाने तो जाळ्यात ढकलला. बाजूने पाहिले तर चेंडू सरळसरळ बाहेर गेलेला दिसत होता. वरून पाहिल्यावर मात्र त्याच्या फुगीर कडेचा नखाएवढासुद्धा नसलेला भाग रेषेवर होता, आणि चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे जाईपर्यंत तो खेळातच असतो, असा नियम आहे. गोल मान्य झाला. तो झाला नसता आणि सामना १-१ असा सुटला असता, तर जपान आणि जर्मनीचे गुण समान होऊन गोलफरकावर जर्मनी पुढे गेली असती. अर्थात आठ दिवसांपूर्वी शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल स्वीकारले नसते, तर जर्मनीला त्या कडेकडे डोळे लावून बसावेच लागले नसते. त्याच रात्री काही मिनिटे अशीही होती, की कोस्टा रिका जर्मनीविरुद्ध २-१ आणि जपान स्पेनविरुद्ध २-१ असे आघाडीवर होते; म्हणजे स्पेन आणि जर्मनी हे दोन माजी जगज्जेते एकाच वेळी स्पर्धेबाहेर होते. माझ्या वहीत त्या ओळीखाली दोन रेघा आहेत.

आता मोरोक्को. या संघाला दिलेली विशेषणे मला सर्वांत जास्त खटकली, कारण इथे योगायोगाला जागा फारच थोडी होती. एखादा संघ एक सामना नशिबाने जिंकतो. पाच सामने नशीब पुरत नाही. उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी एकच गोल स्वीकारला, आणि तोही कॅनडाविरुद्ध त्यांच्याच नायेफ अगर्डचा स्वयंगोल होता. क्रोएशिया, बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल यांच्यापैकी एकालाही त्यांच्याविरुद्ध गोल करता आला नाही. प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांची नेमणूक ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस झाली होती, म्हणजे स्पर्धेला जेमतेम तीन महिने उरले असताना. त्यांनी आधीच्या प्रशिक्षकांशी बेबनाव झालेल्या हकीम झियेशला परत आणले आणि बचावाची अशी घडी बसवली, की मधल्या फळीतल्या सोफियान अम्राबात आणि अझ्झेदिन उनाही यांच्या पुढ्यात चेंडू आला की समोरच्याला मागे वळण्याखेरीज वाट उरत नसे.

स्पेनविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात स्पेनने १२० मिनिटांत हजाराहून अधिक पास दिले आणि गोल शून्य. पेनल्टी शूटआउटमध्ये पाब्लो साराबियाचा फटका खांबावर आदळला, कार्लोस सोलेर आणि सर्जियो बुस्केट्स यांचे फटके मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बोनूने अडवले. स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी आपल्या खेळाडूंना स्पर्धेआधी हजार पेनल्टींचा सराव करून यायला सांगितले होते, तरीही एकही आत गेली नाही. शेवटची पेनल्टी घ्यायला अश्रफ हकिमी आला. माद्रिदमध्ये जन्मलेल्या आणि रेआल माद्रिदच्या अकादमीत वाढलेल्या या मुलाने स्पेनच्या गोलरक्षकाला एका बाजूला झेपावू दिले आणि चेंडू अलगद मधोमध टाकला. बोनूला ‘अनपेक्षित नायक’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते, की २०२१-२२ च्या हंगामात स्पेनच्या लीगमध्ये सर्वांत कमी गोल देणाऱ्या गोलरक्षकाचा सन्मान त्यालाच मिळाला होता. तो स्पेनला चांगलाच ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो आपल्याला.

पोर्तुगालविरुद्ध अगर्ड आणि नुसैर मझरावी हे दोघे बचावपटू दुखापतीमुळे बाहेर, कर्णधार रोमेन साईस उत्तरार्धात स्ट्रेचरवरून बाहेर, आणि भरपाई वेळेत वालिद शेदिराला लाल कार्ड. तरी ४२व्या मिनिटाला गोलरक्षकाच्या हातांच्याही वर उडी घेऊन युसुफ एन-नेसिरीने डोक्याने मारलेला गोल त्यांनी शेवटपर्यंत राखला. कॅमेरून १९९०, सेनेगल २००२ आणि घाना २०१० हे आफ्रिकी संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत येऊन थांबले होते; मोरोक्को तिथून पुढे गेलेला पहिला. यामागे दोन दीर्घ प्रयत्न होते. पहिला राजधानी रबातजवळ सालेला उभ्या राहिलेल्या मोहम्मद सहावे फुटबॉल अकादमीचा. एन-नेसिरी, अगर्ड आणि उनाही तिथलेच. दुसरा युरोपात जन्मलेल्या आणि वाढलेल्या मोरोक्कन कुटुंबांतल्या मुलांना मायदेशाकडून खेळण्यासाठी वळवण्याचा. २६ जणांच्या चमूतले १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मले होते. यावर एक चांगला दीर्घ लेख सहज झाला असता. आपण खेळाडूंनी मैदानावर आईसोबत केलेल्या नाचाची छायाचित्रे छापली. छायाचित्रे सुरेख होती, त्याबद्दल तक्रार नाही.

उलट ज्या निकालांचा फार गाजावाजा झाला, त्यांतल्या काहींचे मोल कमी होते, हेही सांगितले गेले नाही. ट्युनिशियाने फ्रान्सला आणि कॅमेरूनने ब्राझीलला १-० असे हरवले, ते दोन्ही मोठे संघ आधीच बाद फेरीत पोहोचल्यावर. दोघांनीही त्या सामन्यात नऊ-नऊ खेळाडू बदलले होते. जिंकूनही ट्युनिशिया आणि कॅमेरून घरीच गेले. कॅमेरूनच्या सामन्यातला एक क्षण मात्र विसरता येत नाही. भरपाई वेळेत व्हिन्सेंट अबुबकरने डोक्याने गोल केला आणि आनंदात जर्सी काढून भिरकावली. त्याला आधीच एक पिवळे कार्ड मिळालेले होते. पंच इस्माईल एल्फाथ हसत त्याच्याजवळ आले, त्याच्याशी हात मिळवला, आणि मग दुसरे पिवळे व लगोलग लाल कार्ड दाखवले. विश्वचषकात ब्राझीलला हरवणारा तो पहिला आफ्रिकी संघ होता, आणि याची दखल घेण्याचे सौजन्य पंचांना बाहेर काढतानाही सुचले.

हा विसराळूपणा जुना आहे. युरो २००४ च्या सलामीच्या सामन्यात ग्रीसने यजमान पोर्तुगालला २-१ असे हरवले, तेव्हा आश्चर्य वाटणे स्वाभाविक होते. त्यापूर्वी ग्रीसने मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही सामना जिंकला नव्हता. त्यानंतर त्यांनी गतविजेत्या फ्रान्सला १-०, चेक प्रजासत्ताकला १-० आणि अंतिम सामन्यात पुन्हा पोर्तुगालला १-० असे नमवले. तिन्ही गोल डोक्याने झालेले. ग्रीसचे प्रशिक्षक ओटो रेहागेल यांचा बेत तीन आठवडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तोच संघ, तीच पद्धत, तोच प्रतिस्पर्धी, आणि तरीही अंतिम सामन्याचा निकाल पुन्हा ‘अविश्वसनीय’! पहिला धक्का समजू शकतो. दुसऱ्याला धक्का म्हणणे हे न शिकल्याचे लक्षण आहे.

आणि विजेत्याला गंभीरपणे न घेण्याची किंमत कधी कधी विजेत्यालाच मोजावी लागते. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले. अल्जीरियाचे गटातले सामने आधी संपले, आणि दुसऱ्या दिवशी हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा जर्मनीचा लहानसा विजय दोघांनाही पुढे नेतो, हे दोघांना ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. दोन विजय मिळवूनही अल्जीरिया बाहेर. गटातले अखेरचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत १९८६ पासून आली, ती या प्रकारामुळे. २०२२ च्या त्या जपान–स्पेन रात्रीचा सारा थरार ज्या पद्धतीमुळे शक्य झाला, ती एका तथाकथित लिंबूटिंबू संघाच्या अन्यायातून जन्मली आहे.

महिलांच्या विश्वचषकाबाबत तर तक्रार करायलाही शब्द कमी पडतात, कारण तिथे ‘धक्का’सुद्धा एका रकान्यात आटोपतो. २०२३ मध्ये कोलंबियाने जर्मनीला २-१ असे हरवले आणि जर्मनी साखळीतच गारद झाली; दक्षिण आफ्रिकेने भरपाई वेळेतल्या गोलवर इटलीला ३-२ असे बाहेर काढले; ज्या जमैकाच्या संघासाठी एका खेळाडूच्या आईला लोकवर्गणी सुरू करावी लागली होती, त्या संघाने ब्राझीलला गोलशून्य बरोबरीत रोखून घरी पाठवले.

माझी मागणी फार मोठी नाही. असा निकाल लागला की पहिल्या परिच्छेदात जिंकणाऱ्यांची नावे यावीत, हरणाऱ्यांचे अश्रू नंतर. मोठ्या संघाने राखीव खेळाडू उतरवले असतील तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे खऱ्या पराक्रमाचे मोल पातळ होणार नाही. समालोचकांनी ‘आज काय होईल सांगता येत नाही’ म्हणत बसण्याऐवजी बचावफळी कुठे उभी आहे आणि मध्यंतरानंतर कोण कुठे सरकला, हे दाखवावे. प्रेक्षकाला ते दिसते, फक्त त्याला नाव हवे असते. आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी पात्रता फेरीचे निकाल एकदा तरी नजरेखालून घालावेत.

ही शेवटची विनंती विशेष आग्रहाने करतो, कारण २०२६ पासून विश्वचषकाची मुख्य फेरी ४८ संघांची झाली आहे आणि अनोळखी नावे त्यात वाढणारच. जॉर्डन, उझबेकिस्तान, काबो वर्दे आणि क्युरासाओ हे त्या स्पर्धेसाठी प्रथमच पात्र ठरलेले संघ. सुमारे दीड लाख वस्तीचे क्युरासाओ हे विश्वचषकाला पात्र ठरलेले लोकसंख्येने सर्वांत लहान, पण पात्रतेच्या अखेरच्या फेरीत ते एकही सामना हरलेले नाहीत आणि शेवटच्या दिवशी जमैकाच्या मैदानावर जाऊन त्यांनी गोलशून्य बरोबरी राखली. काबो वर्देने आपल्या गटात पहिले स्थान पटकावताना ज्यांना मागे टाकले, ते १९९० मध्ये अर्जेंटिनाला आणि २०२२ मध्ये ब्राझीलला हरवणारे कॅमेरूनच होते.

कळावे,
आपला नियमित वाचक